वाणही लागला, गुणही लागला

अंबड तालुका, जालना जिल्हा : आज

पहाटेचे पाच वाजलेत. तुम्ही ओसरीवर मांडी घालून बसला आहात आणि पुढ्यात लोखंडी खलबत्ता आहे. उद्या घरात हळद आहे. जात्यावर बायका गाणी म्हणत हळद दळतील, पण त्याआधी हळकुंडं फोडून द्यावी लागतात आणि यंदा ते काम तुमच्या वाट्याला आलंय.

हळकुंड दिसतं लाकडासारखं आणि वागतंही लाकडासारखंच. पहिले चार घाव ते खलात नुसतं उड्या मारतं. पाचव्या घावाला तडकतं, आणि मळकट सालीच्या आत दडलेला गाभा उघडा पडतो. भगव्याकडे झुकलेला पिवळा, काचेसारखा कडक. बोटांना लागलेली पूड तुम्ही तांब्यातल्या पाण्यानं धुऊ पाहता. पाणी ओघळून जातं, पिवळेपणा तिथंच राहतो. आजी तेलाची वाटी पुढं सरकवते. "पाण्यानं जात नसती ती, लेकरा. तेल लाव." तेल लागतं आणि रंग बोटावरून सुटून तेलात उतरतो.

एवढं लक्षात असू द्या. हळदीचा रंग पाण्याला दाद देत नाही. आजचा सगळा प्रवास फिरून इथंच यायचा आहे.

समोर गोठ्यात दोन बैल आहेत. थोरला ढवळ्या, त्याला वैरण पायाखाली तुडवायची खोड. महिन्यापूर्वी बाजारातून आणलेला तांबूस खोंड त्याच्या शेजारी बांधला, आणि आता तोही अर्धी वैरण तुडवतो. आजी जे म्हणते ते तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

म्हणीतलं वाण म्हणजे रंग. जालन्याच्या माणसाला मात्र वाण म्हटलं की आधी बियाणं आठवतं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि 'संकरित वाण' हा शब्द इथल्या बांधाबांधावर पोचला. संकरात दोघांचा अंश एकमेकांत उतरतो. गोठ्यातल्या बैलांचं तसं काहीच झालेलं नाही. ढवळ्या ढवळ्याच आहे, खोंड खोंडच आहे. बदललाय तो फक्त शेजार.

तुम्ही निघालाय ते अशाच शेजाराच्या शोधात. दोन पदार्थ घ्यायचे. त्यांच्या रेणूंनी एकमेकांशी पक्का बंध जोडायचा नाही, कुणी मोडायचं नाही, कुणी कुणात विरून जायचं नाही. दोघांनी एकाच स्फटिकात ठरल्या अंतरावर, ठरल्या क्रमानं नुसतं शेजारी बसायचं. आणि तेवढ्यानं तिसराच पदार्थ उभा राहायचा, ज्याचा रंग वेगळा, वितळण्याचा अंश वेगळा, विरघळण्याची रीत वेगळी. रसायनशास्त्रात याला रेण्वीय संकुल म्हणतात. अॅरोमॅटिक म्हणजे बेंझिनसारखं कडं अंगात असलेल्या पदार्थांत ही संकुलं विशेष खुलतात.

बत्ता उचला. "दणके नको घालू," आजी सांगते, "घाव हळू पण सारखा पाहिजे." एक. दोन. तिसऱ्या घावाला ओसरी दिसेनाशी होते.

गॉटिंगेन, १८४४

थंडी बोटांत शिरते. जर्मनीतल्या विद्यापीठाच्या या गावात तुम्ही फ्रेडरिक व्होलर यांच्या प्रयोगशाळेत उभे आहात. युरिया हा शरीरात तयार होणारा पदार्थ काचपात्रातही बनू शकतो, हे १८२८ साली दाखवून दिलेले हेच ते व्होलर. तिकडे जालन्यावर या घडीला निजामाचा अंमल आहे आणि गावाशेजारी इंग्रजांची छावणी पडलेली आहे. छावणीतले शिपाई हिवतापावर जे क्विनाइन घेतात ते सिंकोनाच्या सालीतून येतं. व्होलर यांच्या टेबलावरचा पदार्थही मुळात त्याच सालीतून निघालाय. त्याचं नाव क्विनोन.

नाक जपा. क्विनोनचा वास झोंबतो. स्फटिक पिवळेधमक आहेत. शेजारच्या बशीत हायड्रोक्विनोन आहे, मिठासारखं पांढरं. दोघांच्या अंगात सहा कार्बनचं एकेक कडं. फरक एवढाच की हायड्रोक्विनोनजवळ हायड्रोजनचे दोन अणू जास्त आहेत.

आजीच्या म्हणीतला ढवळ्या इथं आयता मिळाला, आणि त्याच्या शेजारी बांधायला हा पिवळा गडी. पिवळं द्रावण बिनरंगी द्रावणात ओता आणि काचेला डोळा लावा. द्रावण गडद होत जातं. मग तळाशी काहीतरी चमकतं. एक सुई, तिला फुटलेली दुसरी, मग सुयांचा गुंताच. त्या हिरव्या आहेत. पानासारख्या हिरव्या नाहीत, सोनकिड्याच्या पाठीसारख्या गडद, धातूची झळाळी असलेल्या. याला पुढं क्विनहायड्रोन म्हणू लागले.

पांढरा आणि पिवळा एकत्र आले तर फिका पिवळा व्हावा. हिरवा आला कुठून?

तुम्हाला घरचं कुंकू आठवतं. हळदीला चुना लागला की तीही रंग बदलते, लाल होते. पण तिथं चुन्यातला क्षार हळदीच्या रेणूचा हायड्रोजन काढून घेतो, म्हणजे रेणूच बदलतो. इथं तसं झालेलं नाही. या हिरव्या सुया पाण्यात विरघळवा, क्विनोन आणि हायड्रोक्विनोन पुन्हा सुटे होऊ लागतात, जसे आले तसे. जोवर शेजार होता तोवर हिरवा रंग होता. शेजार मोडला, रंग गेला.

बत्त्याचा घाव पडतो आणि वर्षं भरभर सरकतात. १८५७-५८च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्रिट्शे नावाचे रसायनज्ञ पिक्रिक आम्ल घेऊन बसलेत. नीळ फोडून निघालेल्या तेलाला आपल्या 'नीळ' शब्दाशी नातं सांगणारं 'अॅनिलिन' हे नाव देणारे हेच. ते डांबरातून निघणारे हायड्रोकार्बन एकेक करून पिक्रिक आम्लाच्या शेजारी बसवतात. नॅप्थलिन बसवलं की पिवळ्या सुया येतात. अँथ्रासिन बसवलं की माणकासारख्या लाल. पुढं कित्येक वर्षं रसायनज्ञ हायड्रोकार्बन ओळखायला हीच खूण वापरणार आहेत. माणूस कसा आहे ते त्याच्या संगतीवरून ओळखावं, तसं.

आणि १८९३ साली इंग्लंडमध्ये लिंग आणि बेकर या दोघांच्या हाती चक्क खल आहे. क्विनोनचे भाऊबंद आणि हायड्रोक्विनोनचे भाऊबंद ते एकत्र खलतात. भट्टी लागत नाही, उकळी लागत नाही. खलता खलता पूड रंग धरते. तुमचा हात नकळत तुमच्या बत्त्यावर आवळतो.

संकुलं होतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आत काय होतं ते कुणालाच दिसत नाही. कागदावर जो तो आपल्या मनानं रेघा ओढून एका रेणूला दुसऱ्याशी बांधतोय.

लीड्स, १९२८

पुढच्या मुक्कामाआधी एक गोष्ट जालन्यातूनच बरोबर घ्या. बदनापूरच्या बाजूला मोसंबीची बाग गाडीतून पाहिली असेल. झाडं सारख्या अंतरावर लावलेली. गाडी पुढं जाते तसा आधी नुसता गचपणा दिसतो. मग एका क्षणी सगळी झाडं ओळीत येतात आणि लांबवर बोळ उघडतो. क्षणात तो मिटतो, थोड्या वेळानं दुसऱ्या तिरक्या दिशेला दुसरा उघडतो. कोणत्या कोनात किती रुंद बोळ उघडला एवढं नीट टिपलं, तर बागेत पाऊल न टाकताही झाडांमधलं अंतर काढता येईल.

स्फटिक ही रेणूंची बाग आहे आणि क्ष-किरण ही ती गाडी. १९१२-१३ मध्ये लाउए आणि ब्रॅग पितापुत्रांनी ही युक्ती जगाला दिली. क्ष-किरण स्फटिकातून ठरावीक कोनांनाच जोरात परावर्तित होतात. कोनांवरून ओळींचं अंतर कळतं. किरणांच्या तीव्रतेवरून ओळीत कोण कसा उभा आहे ते काढावं लागतं, आणि खरं कष्टाचं काम ते.

लीड्समध्ये ते काम करत बसली आहे पंचविशीतली कॅथलीन लॉन्सडेल. दहा भावंडांतली शेंडेफळ. सेंद्रिय रसायनाचे प्राध्यापक इंगोल्ड यांनी तिला हेक्सामिथाइलबेंझिनचे स्फटिक दिलेत. बेंझिनचं कडं आणि त्याच्या सहाही कोपऱ्यांना एकेक मिथाइल. या स्फटिकाची सोय अशी की त्याच्या सर्वांत लहान घटकात एकच रेणू बसतो. एकट्याचंच ठिकाण शोधायचं, शेजाऱ्याची गडबड नाही.

तिच्या कागदांवर वाका. आकड्यांचे रकाने, लॉगॅरिदमची कोष्टकं, पेन्सिलीनं केलेल्या बेरजा. संगणक नाही. केक्युले यांनी १८६५ साली बेंझिनला कड्याचा आकार दिला, पण ते कडं सपाट की खुर्चीसारखं वाकलेलं, यावर साठ वर्षं वाद चाललाय. लॉन्सडेल यांच्या आकड्यांतून उत्तर वर येतं. कडं सपाट आहे. सहाही बाजू सारख्या. पोळीसारखं सपाट.

हे कळलं आणि संकुलांच्या कोड्याला पहिला पाया मिळाला. सपाट वस्तूंची चळत लागू शकते.

कोलकाता, १९३०

घाम येतो, आणि पाठोपाठ एक ओळखीचा वास. आईची पेटी उघडल्यावर पैठणीच्या घडीतून येतो तोच. डांबरगोळीचा. २१०, बहुबाजार स्ट्रीट, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. दोन वर्षांपूर्वी याच संस्थेत रामन परिणाम सापडला, आणि यंदा रामन यांना नोबेल मिळणार आहे. तुम्ही मात्र त्यांच्याकडे काम करणाऱ्या तीस वर्षांच्या केदारेश्वर बॅनर्जी यांच्यापाशी थांबा.

त्यांच्यापुढं नॅप्थलिनचा पातळ, पापुद्र्यासारखा स्फटिक आहे. डांबरगोळी म्हणजे हेच नॅप्थलिन, बेंझिनची दोन कडी एका बाजूनं जोडलेली. उघडं ठेवलं की हवेत उडून झिजत जातं. विल्यम ब्रॅग यांनी १९२१ साली नॅप्थलिन आणि अँथ्रासिन यांच्या स्फटिकांची मापं घेतली होती, पण आत रेणू नेमके कसे उभे आहेत ते सुटलं नव्हतं. ते बॅनर्जी सोडवतात. तीन वर्षांनी रॉबर्टसन नावाचे स्फटिकशास्त्रज्ञ आणखी बारकाईनं मोजतील, त्याच १९३३ मध्ये बॅनर्जी क्ष-किरणांच्या गणितातली एक मूळची अडचण सोडवायची वाटही सुचवतील, आणि पुढं जगभर वाढलेल्या एका गणिती पद्धतीची सुरुवात म्हणून तिचा उल्लेख होईल. त्याच काळात के. एस. कृष्णन असेच स्फटिक चुंबकीय क्षेत्रात टांगून सपाट रेणू कोणत्या बाजूला कलले आहेत ते पडताळत आहेत. दुसऱ्या देशातून आणलेल्या यंत्रापेक्षा त्यांची भिस्त स्वतःच्या युक्तीवर जास्त.

आता जरा हिंमत करून आणखी लहान व्हा. नॅप्थलिनच्या स्फटिकात शिरा.

तुम्हाला वाटलं होतं सपाट रेणू भाकरीसारखे एकावर एक रचलेले दिसतील. तसं नाही. एक रेणू उजवीकडे झुकलाय, पुढचा डावीकडे, आणि एकाची कड दुसऱ्याच्या अंगाकडे वळलेली. कारण हात लावल्यावर समजतं. प्रत्येक कड्याच्या वर आणि खाली इलेक्ट्रॉनांचा ढग आहे. सारख्याला सारखा ढकलतो. म्हणून नॅप्थलिन नॅप्थलिनच्या समोरासमोर बसत नाही, तिरकं होऊन कडेनं टेकतं. भाऊबंदकीत असंच होतं, जागा वाटून घ्यायची पण तोंड फिरवून.

मग समोरासमोर बसवणारा शेजारी कोण?

ऑक्सफर्ड, १९४३

बाहेर अंधार आहे. महायुद्ध चालू आहे, खिडक्यांना काळे पडदे आहेत. विद्यापीठाच्या म्युझियममधल्या स्फटिकशास्त्र विभागात डोरोथी हॉजकिन पेनिसिलिनच्या रचनेमागं लागल्या आहेत. त्यांचे एके काळचे मार्गदर्शक हर्बर्ट पॉवेल दुसऱ्याच कोड्यात गुंतलेत. त्यांच्या हातातला एक पदार्थ तुम्ही ओळखता. लीड्समध्ये लॉन्सडेलनी ज्याला एकट्याला पाहिलं, तेच हेक्सामिथाइलबेंझिन. पॉवेल यांनी ते आता पिक्रिल आयोडाइडच्या शेजारी बसवलंय. त्याही रेणूत बेंझिनचं कडं आहे, पण त्याला तीन नायट्रो गट लागलेले, आणि नायट्रो गट कड्यावरचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतात.

एकाकडे इलेक्ट्रॉन भरपूर, दुसऱ्याकडे चणचण.

शिरा आत. इथं चळत आहे. दुरडीत ज्वारीची भाकर, तिच्यावर बाजरीची, पुन्हा ज्वारीची, पुन्हा बाजरीची, अशी रचत जावी तसे दोन्ही रेणू आळीपाळीनं समोरासमोर बसलेत. नॅप्थलिनच्या स्फटिकात होता तो तिरकेपणा इथं नाही. आणि दोन थरांमधलं अंतर मोजलं तर कोणत्याही पक्क्या बंधाहून ते कितीतरी जास्त भरतं. अशा चळतींत ते साडेतीन अँगस्ट्रॉमच्या आसपास असतं, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. कड्यातले कार्बन एकमेकांपासून असतात फक्त १.४ अँगस्ट्रॉमवर. म्हणजे कागदावर ओढलेल्या त्या सगळ्या रेघा चुकीच्या होत्या. या दोघांना कुणी बांधलेलं नाही. ते शेजारी आहेत, एवढंच.

आणि रंग? त्याचा उलगडा १९५०नंतर शिकागोत रॉबर्ट मलिकन करतात, ज्यांना १९६६चं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं आपल्याकडच्या शेजारधर्मात चपखल बसतं. भरल्या घरातून गरजूकडे एक इलेक्ट्रॉन उसना जाऊ शकतो. एरवी तो फारसा हलत नाही. उजेड पडला, त्यात नेमकी तेवढी ऊर्जा असली, की तो क्षणभर शेजारी जातो आणि परत येतो. या येण्याजाण्यात उजेडातला काही भाग खर्च होतो, उरलेला आपल्या डोळ्यांत रंग म्हणून शिरतो. पांढऱ्या-पिवळ्याच्या शेजारातून हिरवा आला तो असा. क्विनहायड्रोनची चळत जपानमध्ये निट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली नीट मोजली. तिथं चळत तर आहेच, शिवाय हायड्रोक्विनोनचे हायड्रोजन क्विनोनच्या ऑक्सिजनला धरून ओळीही बांधतात. वरचा शेजारी वेगळा, बाजूचा वेगळा.

शेजार नुसता रंग देऊन थांबत नाही. १९६० साली पॅट्रिक आणि प्रॉसर यांनी बेंझिन आणि हेक्साफ्लुओरोबेंझिन एकत्र केलं. बेंझिन गोठतं साडेपाच अंश सेल्सिअसला, दुसरंही पाच अंशांच्या आसपास. जालन्यात थंडीतल्या खोलीतही दोन्ही पाण्यासारखी पातळच राहतील. पण एकास एक मिसळली की काचेतच घट्ट पांढरा स्फटिक बसतो, आणि तो वितळायला सुमारे २४ अंशांपर्यंत जावं लागतं. फ्लुओरीननं इलेक्ट्रॉन कडेला ओढून घेतल्यामुळं त्या कड्याचं अंग बेंझिनच्या अंगाच्या नेमकं उलट झालेलं असतं. उलट्याला उलटा खेचतो, आणि दोन पातळ पदार्थ एकमेकांच्या आधारानं उभे राहतात.

आजी इथं असती तर तिला सांगता आलं असतं. म्हण थोडी बदलायला हवी. इथं गुण तर लागलाच, वाणही लागला.

जालना ते हैदराबाद : १९७९, मग २०११

आता रात्रीची गाडी पकडा. निजामाच्या काळात, १९००च्या सुमारास टाकलेला मनमाड-हैदराबादचा लोहमार्ग जालन्यावरूनच जातो. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या हातून सुटला, १९५६पर्यंत तरी हैदराबाद राज्यातच राहिला, आणि १ मे १९८१ला जालना जिल्हा वेगळा झाला. नकाशे बदलले, पण जालन्याच्या माणसाचं हैदराबादशी नातं रुळांवर टिकून आहे. परतूर, सेलू, परभणी मागं पडतात. डोळा लागतो, आणि जाग येते ती हैदराबाद विद्यापीठाच्या खडकाळ आवारात.

इथं १९७९मध्ये गौतम देसिराजू शिकवायला आले. मुंबईच्या सेंट झेवियर्समधून बीएस्सी आणि अमेरिकेतल्या इलिनॉयमधून डॉक्टरेट करून आलेले. त्यांनी प्रश्नाची बाजूच फिरवली. आजवर सगळे विचारत होते की हे रेणू असे का बसले. त्यांनी विचारलं की आपल्याला हवे तसे बसवता येतील का? कोणता गट कोणत्या गटाला हात देतो ते हजारो स्फटिकांतून पाहायचं, त्यावरून शेजार आधीच आखायचा. १९८९ साली याच विषयावर त्यांचा ग्रंथ आला आणि स्फटिक-अभियांत्रिकी हे नाव जगभर रुळलं.

आता २०११. याच विद्यापीठात अश्विनी नांगिया यांच्या गटाच्या टेबलावर तुम्हाला तुमचं घर दिसतं. हळदीचा पिवळा रंग, कर्क्युमिन. १८१५ साली युरोपात तो हळदीतून पहिल्यांदा वेगळा काढला गेला. त्याच्या लांबोळक्या रेणूच्या दोन्ही टोकांना बेंझिनचं एकेक कडं आहे. औषधी गुणांसाठी जगभर त्याचा अभ्यास चाललाय आणि सगळ्यांना एकच अडचण भेटते, तुमच्या बोटांना भेटली तीच. तो पाण्यात विरघळत नाही, मग पोटातून रक्तात उतरायचा कसा?

या गटानं रेणूला हात लावला नाही. त्याचा शेजार बदलला. एकदा रिसॉर्सिनॉल, एकदा पायरोगॅलॉल. दोन्हींत बेंझिनचं एकच कडं, त्यावर दोन किंवा तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे धरायला दोन किंवा तीन हात. हे हात कर्क्युमिनच्या ऑक्सिजनला धरतात. आणि हे घडवून आणलं कसं, तर खलून. दोन्ही पुडी खलात घालायच्या, द्रवाचे थोडे थेंब टाकायचे आणि घोटायचं. १८९३चा खल इथवर येऊन पोचलाय.

निकाल पाहा. कर्क्युमिन-रिसॉर्सिनॉलचा स्फटिक नुसत्या कर्क्युमिनपेक्षा सुमारे ५ पट वेगानं विरघळला, कर्क्युमिन-पायरोगॅलॉलचा सुमारे १२ पट. नव्या स्फटिकांचा वितळण्याचा अंश दोन शेजाऱ्यांच्या मधोमध कुठंतरी पडला, आणि जो कमी तापमानाला वितळतो तो लवकर विरघळला. रेणू तोच. घर तेच. शेजारी बदलला आणि स्वभाव बदलला.

पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नका. ही मोजमापं ४० टक्के अल्कोहोल घातलेल्या पाण्यातली आहेत, पोटातली नाहीत. पायरोगॅलॉल स्वतः विषारी आहे, ते गोळीत घालून कुणाला देता येत नाही. या कामातून हाती आली ती रीत. हट्टी रेणूला बदलता येत नसेल, तर त्याला योग्य शेजारी शोधून द्यावा. ती रीत औषधांपर्यंत पोचलीही आहे. २०१५पासून हृदयविकारावर दिल्या जाणाऱ्या एका औषधात सॅक्युबिट्रिल आणि व्हालसार्टन या दोन वेगळ्या औषधांचे रेणू सोडियम आणि पाण्याच्या सोबतीनं एकाच स्फटिकात बसवलेले आहेत.

परतीच्या वाटेवर पुण्यात क्षणभर थांबा. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५०ची. २०१६मध्ये नांगिया हिचे संचालक होऊन आले. त्याआधी रघुनाथ माशेलकर इथं संचालक होते. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट एका विद्यापीठाला मिळालं, तेव्हा माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं (सीएसआयआर) त्याला आव्हान दिलं. जुन्या ग्रंथांतले, नियतकालिकांतले ३२ दाखले समोर ठेवले. १९९७मध्ये पेटंट रद्द झालं. जखमेवर हळद लावायची हे आपल्याकडे घराघरात ठाऊक होतं, हे जगानं मान्य केलं. पण आपल्याला ठाऊक आहे एवढ्यावर थांबून चालत नाही. हळद आपली म्हणून सांगायचा हक्क जसा जपायचा, तसा ती पाण्यात का विरघळत नाही हे शोधून काढायचं कामही आपणच अंगावर घ्यायचं. पुणं आणि हैदराबाद, जालन्याहून दोन्हीकडे गाडी जाते. या प्रयोगशाळांतल्या टेबलांपाशी अंबड-परतूरची मुलं आणखी हवीत.

अंबड तालुका : आज, सव्वापाच

ओसरी. बत्ता तुमच्या हातात तसाच, तिसरा घाव नुकताच पडलाय. तांब्यातलं पाणी गार आहे.

खलातली पूड तुम्ही चिमटीत धरता. आता तुम्हाला तिच्यात नुसता पिवळा रंग दिसत नाही. टोकांना कडी असलेले लांबोळके रेणू दिसतात, दाटीनं बसलेले, एकमेकांना सोडायला तयार नसलेले. म्हणून पाणी वाहून गेलं. तेलाच्या संगतीत मात्र त्यांची पकड सैल झाली. उद्या नवऱ्या मुलाला हळद लावतील ती तेलात कालवूनच. फोडणीत हळद पडते तीही तेलात. कर्क्युमिनचा रेणू कसा असतो हे या स्वयंपाकघराला कधी कुणी सांगितलं नव्हतं. पण हळदीला कुणाची तरी सोबत लागते एवढं त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. सोबत कुणाची, किती अंतरावरून आणि का, हे सांगायला लीड्स, कोलकाता, ऑक्सफर्ड आणि हैदराबाद इथल्या माणसांची सगळी उमर गेली.

गोठ्यात खोंडानं पुन्हा वैरण तुडवली. आजी उठून त्याला ढवळ्यापासून सोडवते आणि पलीकडच्या दाव्याला, गाईशेजारी नेऊन बांधते. "बघू आता," ती म्हणते.

तुम्ही नवं हळकुंड खलात टाकता. घाव हळू, पण सारखा.